ठसा, ठळक तिरका

रविवारी सकाळी सोसायटीच्या तलावावर बरीच गर्दी होती. श्रुतिका मगदूम काठावर आली, तिनं केस वर बांधले आणि सरळ खोल बाजूला सूर मारला. भीती वाटायचं कारण नव्हतं. लहानपणी मिरजेत, कृष्णेच्या घाटावर ती पोहायला शिकली होती. पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा, नाकात गेलेलं गढूळ पाणी, पायरीवर उभा राहून ओरडणारा सन्मतीदादा, सगळं तिला स्वच्छ आठवत होतं.

पाण्याखाली तिनं हात मारायला घेतले, आणि हातांना काय करायचं तेच ठाऊक नव्हतं.

तलावावरच्या रक्षकानं तिला ओढून बाहेर काढलं. तिच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. तो चिडला होता.

"पोहता येत नाही तर खोल पाण्यात कशाला उतरलात, मॅडम?"

"येतं मला," श्रुतिका खोकत म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. ती थट्टा करत नव्हती.

घरी आल्यावर ती बराच वेळ ओल्या कपड्यांत बसून राहिली. असं कसं होईल? शरीर पोहणं विसरत नाही म्हणतात. दादाला विचारलं असतं तर लगेच उलगडा झाला असता, पण दादाशी तिचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. शेवटी तिनं वहिनीला फोन लावला. त्रिशलावहिनी सांगलीच्या शाळेत शिकवायची, आणि भावाबहिणीच्या भांडणात तिनं फोन तेवढा चालू ठेवला होता.

"पोहायला? तू?" वहिनी हसायलाच लागली. "अगं, आई नेहमी सांगायच्या, हिला घाटावर नेलं तरी शेवटच्या पायरीच्या खाली उतरू दिलं नाही म्हणून. तुला कानाचा त्रास होता ना लहानपणी?"

कानाचा त्रास होता. तेही श्रुतिकाला आठवत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि इतकी वर्षं त्यांची एकमेकींशी कधी गाठ पडली नव्हती.

"दादा कसा आहे?" तिनं विचारलं. हे विचारायचं तिनं ठरवलं नव्हतं.

"बरे आहेत. स्टेंट घातल्यापासून गोळ्या अगदी नियमित चालू आहेत. मला आठवणसुद्धा करून द्यावी लागत नाही. तुझ्याच अक्षरातलं कार्ड आहे ना डब्यावर!"

श्रुतिकाला ते ऐकून बरं वाटलं. निदान त्या दिवशी तरी वाटलं.

*

ती अक्षरं काढायची. पुण्यातल्या 'रेघोटी' नावाच्या कंपनीत ती टाइप डिझायनर होती, आणि ज्या अक्षरामुळं तिचं नाव झालं ते म्हणजे 'ठसा'. त्याचं पूर्ण नाव 'ठसा, ठळक तिरका'.

रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात. ते छाटले की उरतं त्याला सॅन्स सेरिफ म्हणतात. देवनागरीला असे पाय नाहीत, पण तिला बोरूची सवय आहे. बोरूची रेघ कुठं जाड होते, कुठं बारीक. श्रुतिकानं ही सवय मोडली. तिच्या अक्षरात सगळ्या रेघा एकाच जाडीच्या आणि ठळक होत्या. काने उजवीकडे कललेले, शिरोरेघ तेवढी आडवी. ऐकायला सोपं वाटतं. पण संगणकाला नुसतं 'तिरकं कर' म्हटलं तर तो अख्खं अक्षर एका बाजूला ढकलून देतो. 'ठ'चं गोल पोट चेपतं, 'ळ' कोलमडल्यासारखा दिसतो, 'क्ष'मधली पोकळी शाईनं बुजून जाते. म्हणून तिनं प्रत्येक अक्षर, प्रत्येक जोडाक्षर हातानं पुन्हा काढलं. एवढ्यावर न थांबता तिनं प्रत्येक अक्षराची थोडी थोडी वेगळी रूपंही केली. 'मामा' लिहिलं तर त्यातले दोन 'म' सारखे नसत. डोळ्याला फरक जाणवत नसे, पण डोळा सरावतही नसे.

हा शेवटचा भाग नसीम इनामदारच्या सांगण्यावरून केलेला होता. नसीम मेंदूशास्त्रज्ञ. माणूस वाचत असताना त्याच्या मेंदूत काय होतं ते ती यंत्रावर बघायची. गुळगुळीत, सवयीचं अक्षर मेंदू वाचतो आणि टाकून देतो, हे तिनं पाहिलं होतं. या अक्षरासमोर मात्र तो किंचित सावध व्हायचा. अडखळायचा नाही, नुसता सावध. एखादी घटना घडत असताना जो भाग जागा होतो, तोच भाग 'ठसा' वाचताना जागा व्हायचा. त्यामुळं वाचलेलं टिकायचं. आठवडे, महिने टिकायचं.

मग उपयोग सुचायला वेळ लागला नाही. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्या, बँकेतल्या फसवणुकीच्या सूचना, विसराळू रोग्यांसाठी औषधांची कार्डं. श्रुतिकाच्या ओळखीनं मिरजेतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात सगळ्यांत आधी पाट्या लागल्या. 'जेवणानंतर गोळी घ्या' असं कार्ड वाचलेले रोगी महिन्याभरानं म्हणायचे, "डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय." कुणी सांगितलेलं नसायचं. पण गोळी पोटात जात होती, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. पुढं एका सरबताच्या कंपनीनं होर्डिंग लावली, आणि बाजारात नुकत्याच आलेल्या त्या सरबताची चव लोकांना आपल्या लहानपणातली म्हणून आठवू लागली. रेघोटीत त्यावर सगळे खूप हसले होते. श्रुतिकाही हसली होती.

*

"नदीत पोहण्याचं वाक्य तू कधी लिहिलं होतंस का?" सोमवारी तलावातली हकीकत ऐकून नसीमनं विचारलं.

श्रुतिका दचकली. अक्षर तपासायला वाक्यं लागतात. तीच तीच वाक्यं वेगवेगळ्या आकारांत छापून दिवसभर न्याहाळावी लागतात. निरर्थक मजकुराचा तिला कंटाळा यायचा, म्हणून ती मनाला येईल ते लिहायची. थोडं खरं, थोडं रचलेलं.

"'मी लहानपणी नदीत पोहायला शिकले,'" ती सावकाश म्हणाली. "'ढ' आणि 'ळ' आणण्यासाठी पुढं 'गढूळ'ही घातलं होतं."

नसीमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गेले काही महिने मला शंका होती. आता खात्री होतेय. आठवणीला दोन बाजू असतात, श्रुतिका. एक म्हणजे काय घडलं. दुसरी म्हणजे ते मला कुठून कळलं. पाहिलं, ऐकलं, वाचलं, स्वप्नात दिसलं, अशी एक चिठ्ठी मेंदू प्रत्येक आठवणीला चिकटवतो. तुझं अक्षर पहिली बाजू खोल दाबतं आणि त्या दाबानं चिठ्ठी गळून पडते. 'हे वाचलंय' ही चिठ्ठी गेली, की मेंदू समजतो हे घडलंय."

"म्हणजे 'गोळी घ्या' वाचलं की डॉक्टर बोलल्यासारखं वाटतं."

"हो. वाक्य 'घ्या' असेल तर कुणीतरी सांगितल्यासारखं वाटतं. वाक्य 'मी'नं सुरू होत असेल तर..."

 श्रुतिका पुढचं ऐकत नव्हती.

गेल्या वर्षीची एक बैठक तिच्या डोळ्यांपुढं आली. माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, स्वतःचं ऐकतो, तेव्हा सूचना रोग्याच्याच तोंडी घाला, असं एका सल्लागारानं सुचवलं होतं. कार्डं बदलली. 'मी जेवण झाल्यावर माझी गोळी घेतो.' परिणाम उत्तम निघाला. गोळी घेता का, असं विचारलं की प्रत्येक रोगी छातीठोकपणे हो म्हणायचा.

"नसीम, आपण नुसतं विचारलं होतं," ती म्हणाली. "गोळ्या कुणी मोजल्या होत्या का?"

तिनं वहिनीला फोन केला. वहिनी वर्गावर होती, फोन बंद होता. मग तीन वर्षांनी पहिल्यांदा तिनं दादाचा नंबर लावला. पलीकडून मोटारीची घरघर ऐकू आली आणि फोन कट झाला. श्रुतिका गाडीची किल्ली घेऊन निघाली.

*

सन्मती मगदूमचं मिरजेत विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. श्रुतिका पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तो काउंटरमागे बसून एका उघड्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. बराच वाळला होता. त्यानं मान वर केली आणि हातातली तार तशीच धरून तो बघत राहिला.

"दादा, तुझ्या गोळ्या कुठं आहेत?"

"तीन वर्षांनी आलीस आणि गोळ्या विचारतेस?"

"घेतोस का?"

"घेतोय की रोज. जेवण इथंच करतो, डबा खाल्ला की घेतो. आजपण घेतली."

"दाखव."

त्यानं नाराजीनंच ड्रॉवर ओढला. आत औषधाचा डबा होता, त्याच्या झाकणावर तिचं अक्षर. ठळक, तिरकं, देखणं. डब्यात पाकिटं खच्चून भरली होती आणि बाकीची ड्रॉवरच्या मागच्या बाजूला सरकली होती. वहिनी दर महिन्याला आणून देत होती, तो ड्रॉवरमध्ये टाकत होता.

"या नव्या असतील," सन्मती म्हणाला. त्यानं एक पाकीट उचललं आणि अंगठ्यानं एकेक फुगवटा दाबून पाहिला. मग दुसरं. मग तिसरं. एकही कप्पा रिकामा नव्हता. त्याचा अंगठा थांबला.

"पण मला चव आठवतीय, श्रुती. कडू. जिभेवर. पाणी पितो मी वरून, त्या तांब्यातलं." त्यानं कोपऱ्यातल्या तांब्याकडे बोट केलं, जणू तांब्या साक्ष देणार होता. "मी खोटं बोलत नाही."

"माहीत आहे. तू खोटं बोलत नाहीयेस."

"मग काय, वेड लागलंय मला?"

तिनं त्याला सांगायचा प्रयत्न केला. चिठ्ठी गळून पडते, वगैरे. तो ऐकत होता, पण सारखा ड्रॉवरकडे बघत होता. जिना चढताना हल्ली दम लागतो का, असं तिनं विचारलं.  तो म्हणाला, "लागतो. मला वाटलं वय झालं." दुकानाचं शटर ओढायला तो उठला आणि अर्ध्यावर छातीला हात लावून खाली बसला.

*

हॉस्पिटलात त्याला लगेच आत नेलं. स्टेंटमध्ये रक्ताची गाठ धरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, चार-आठ दिवस गेले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं. श्रुतिकानं त्यांच्यापुढं गोळ्यांची भरलेली पाकिटं ठेवली आणि कार्डाबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी आधी तिच्याकडे संशयानं पाहिलं. मग त्यांनी वॉर्डातल्या दोन-तीन रोग्यांच्या घरच्यांना औषधांचे डबे आणायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत परिचारिका प्रत्येक डब्यावरचं कार्ड खरवडून काढत होत्या.

श्रुतिका नातेवाइकांच्या खोलीत येऊन बसली. समोरच्या भिंतीवर एक पाटी होती. तिनंच काढलेली, सगळ्यांत पहिल्या खेपेतली, अक्षर पूर्ण व्हायच्या आधी चाचणीसाठी लावलेली.

'मी घरच्या सर्वांना लगेच बोलावून घेतले आहे.'

अतिदक्षता विभागातल्या रोग्याच्या माणसांनी वेळेवर इतरांना कळवावं म्हणून लावलेली. हे वाक्य 'मी'नं सुरू होत होतं, आणि तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आई याच हॉस्पिटलात होती. श्रुतिका तेव्हा पुण्यात 'ठसा'चे शेवटचे नमुने तपासत होती. तिनं दादाला फोन करून विचारलं होतं, मी येऊ का? आणि दादा म्हणाला होता, येऊ नकोस, आई बरी आहे, तू तुझं काम बघ. आठवड्यानं आई गेली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात सगळ्यांसमोर ती दादाला म्हणाली होती, तू मला येऊ दिलं नाहीस. आणि दादा ओरडला होता, मी तुला लगेच ये म्हटलं, तूच म्हणालीस काम आहे.

त्या आठवड्यात दादा दिवसरात्र याच खोलीत बसला होता. या पाटीसमोर.

म्हणजे दादाचीच आठवण खोटी. पाटीवरून उचललेली. श्रुतिकाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण त्याच आठवड्यात तीही नमुने तपासत होती. 'नकोस' हा शब्द तिनं कितीतरी वाक्यांत वापरला होता. 'न'चा काना आणि 'को'ची मात्रा तिरक्या अक्षरात एकमेकांवर आदळायच्या, त्या नीट बसेपर्यंत ती तोच शब्द पुन्हा पुन्हा छापत होती. दादा म्हणाला येऊ नकोस. असं वाक्य होतं का? होतं. बहुतेक होतं. पण ते तिनं फोनच्या आधी लिहिलं होतं, की फोन झाल्यावर, मनात घोळत होतं म्हणून? मनात घोळत असेल तर आठवण खरी. आधी लिहिलं असेल तर दादा बोलावत असताना ती अक्षरं नीट बसवत राहिली होती.

तिनं डोळे मिटून दादाचा आवाज आठवून पाहिला. आवाज आला. स्पष्ट, थोडा थकलेला. पण पोहायला शिकवतानाचाही त्याचा आवाज असाच स्पष्ट येत होता.

त्रिशलावहिनी शाळेतून धावत आली. श्रुतिकानं पहिल्यांदा काय केलं तर उठून ती पाटी भिंतीवरून उतरवली आणि उलटी करून ठेवली.

"काय करतेस? कुणाची आहे ती?" वहिनीनं विचारलं.

"माझी," श्रुतिका म्हणाली.

*

रेघोटीचे मालक पराग देवस्थळी शांत माणूस. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ वाचला ना? उत्तम. मग आपण वाक्यं बदलू. 'मी' वापरायचं नाही, असा नियम करू. अक्षराचा काय दोष, श्रुतिका? सुरीनं भाजी पण चिरतात."

"सुरी हातात आहे हे माणसाला दिसतं, सर. हे दिसत नाही. धड्यांत 'मी' असतंच. पाठ्यपुस्तकांचं काम आपण घेतोय. मुलं दुसऱ्यांची आयुष्यं आपली म्हणून लक्षात ठेवतील."

"मुलांना पाठ होईल, असं म्हणतायत सगळे."

"हो. पाठ होईल, आणि ते पाठ केलंय हे ती विसरतील."

 देवस्थळी म्हणाले, "तू दमली आहेस. विश्रांती घे, मग ठरवू."

ती थांबली नाही. नसीमनं आपले निष्कर्ष जाहीर केले आणि श्रुतिकानं तलावातली गोष्ट स्वतःच्या नावानिशी सांगितली. पाठ्यपुस्तकांचं काम थांबलं. बऱ्याच हॉस्पिटलांनी कार्डं काढली. सरबतवाल्यांनी काढली नाहीत. लोकांना चव आवडत होती. श्रुतिकाची नोकरी गेली. ज्या अक्षरानं तिला नाव दिलं तेच बंद करा म्हणत ती दारोदार फिरत होती, आणि ऐकणारे तिलाच उलटं विचारत होते, "मग तुमची ही आठवण तरी खरी कशावरून?" 

*

सन्मती घरी आल्यावर ती मिरजेतच राहिली. वहिनी शाळेत गेली की दुपारची गोळी ती स्वतः त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पहिले काही दिवस त्याला याचा राग यायचा. मग तोच तोंड उघडून जीभ दाखवायला लागला.

एक दिवस गोळी घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "खरं सांग. मी तुला ये म्हटलं होतं, की नको म्हटलं होतं?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. आता ती सगळी तिनं बाजूला ठेवली.

"मला आठवतंय, तू नको म्हणालास."

"आणि मला आठवतंय, मी ये म्हटलं. हात जोडून म्हटलं."

"माहीत आहे."

"मग कुणाचं खरं?"

"मला माहीत नाही, दादा. खरंच माहीत नाही. कळायला काही मार्गही उरलेला नाही."

सन्मतीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तीन वर्षं तुझा राग केला मी," तो म्हणाला. "आता करू की नको, तेच कळेना झालंय. राग तर आहेच की आत. कुठं ठेवू त्याला?"

श्रुतिकाच्याही आत तो होता. कशाचा, हे आता सांगता येत नव्हतं, तरी तसूभरही कमी झाला नव्हता. ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली. 

संध्याकाळी वहिनी शाळेतून आली. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं म्हणून तिनं लगेच कुकर लावला. शिटीच्या आवाजानं सन्मती जरा हलला.

"आईनं त्या आठवड्यात काय मागितलं होतं माहितीय तुला?"

"नाही," श्रुतिका म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, कारण तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"खीर. शेवयांची. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, तरी हट्ट. मी चोरून नेली डब्यातनं. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, वेलदोडा जास्त झालाय."

"खीर नव्हती हो," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "सांजा होता. मी केलेला, मला विचारा."

"खीर होती. माझ्या शर्टावर सांडलेली."

"ती खीर सांडली माझ्या माहेरी, मुंजाळकाकांच्या लग्नाच्या वाढदिवसाला. हॉस्पिटलात सांजा नेला होता. आणि आई वेलदोड्याला नाही, केशराला नावं ठेवत होत्या."

"केशर कुठलं आलं सांज्यात?"

"घातलं होतं मी थोडं."

सन्मती उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता. "बघ श्रुती, ही अशी. हिला काही आठवत नाही."

श्रुतिका एकदा दादाकडे, एकदा वहिनीकडे बघत होती. खीर की सांजा, वेलदोडा की केशर, काही कळायला मार्ग नव्हता. पण दोघांच्याही बोलण्यात आई उशाला टेकून बसली होती, चमचा हातात घेऊन कुरकुरत होती, आणि हे श्रुतिका आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होती.

तिनं पाय वर घेऊन मांडी घातली.

"बरं," ती म्हणाली. "मग? दोन चमचे खाल्ल्यावर काय म्हणाली?"